अण्णांच्या फटफटीचे पत्रे

अण्णांना माणसाचं पोट उघडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ त्यांना स्वतःच्या फटफटीचं पोट उघडायला लागतो, असं आत्या म्हणायची. अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात साखर पेठेत त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागे आमचं घर. आत्या त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा गेला होता. पुढं तिनं पुण्याला जाऊन सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि परत आली ती भावाच्या दवाखान्यातच. बाळंतपणं आत्या करायची आणि अडलेल्या बाळंतपणात अण्णा तिच्या हाताखाली काम करायचे. मी हे चुकून उलटं लिहिलेलं नाही. गावात डॉक्टर म्हणून नाव अण्णांचं होतं, पण बाळंतिणीच्या खोलीत आत्या "बाळू, दिवा धर" म्हणाली की अण्णा निमूटपणे दिवा धरून उभे राहत.

आमचं घर आवाजांचं होतं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि तो विरतो न विरतो तोच शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरांतून मागांचा खटका सुरू व्हायचा. तो दिवसभर चालायचा, त्यामुळं आम्हांला तो ऐकूच येत नसे. सणासुदीला माग बंद राहिले की मात्र कानांत काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापायची तो आवाज वेगळा, आणि खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायची तो वेगळा. आई अक्कलकोटकडची. बोलायची मराठीत, पण रागावली की कानडीत जायची. तिचं "साकु!", म्हणजे पुरे, ऐकलं की आम्ही सगळे, अण्णांसकट, जागच्या जागी थांबायचो. या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज होता, तो अण्णांच्या फटफटीचा. ती सुरू झाली की मागांचे आवाज दबायचे आणि अंगणातल्या चिमण्या उडून जायच्या. पण ती बहुधा सुरू व्हायची नाही, आणि मी सांगणार आहे ती गोष्ट तिथूनच सुरू होते.

ती फटफटी अण्णांनी गिरणीतल्या एका गोऱ्या इंजिनियराकडून घेतली होती. तो कायमचा विलायतेला निघाला होता. शेजारी साईडकार जोडलेली. त्यात आत्या मांडीवर औषधांची पेटी घेऊन ताठ बसायची. गावात आणखी दोनतीन फटफट्या होत्या, पण त्यांची सगळी आतडी उघडी दिसायची. आमची मात्र झाकलेली. इंजिनाच्या दोन्ही अंगांना काळ्या रंगाचे, कडेनं सोनेरी रेघ ओढलेले मोठे पत्रे होते, आणि हवा खेळावी म्हणून त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी पाडलेल्या होत्या. साहेबाच्या पाटलोणीला तेल लागू नये म्हणून कारखान्यानं ही सोय केली होती. अण्णांना त्या पत्र्यांचा भारी अभिमान. ते त्याला चिलखत म्हणायचे. दर रविवारी खोबरेल लावून चिलखत पुसायचे आणि आपला चेहरा त्यात दिसतो का ते बघायचे.

दुखणं असं होतं, की जे काही बिघडायचं ते त्या चिलखताच्या आत. इंजिनात तेल जास्त गेलं की प्लगच्या टोकावर काजळी धरायची, आणि काजळी धरली की ठिणगी पडायची नाही. आपल्याकडची धूळ तर ठाऊकच आहे. तीही कुठून कुठून आत शिरायची. काम एवढंच, की प्लग काढायचा, पुसायचा आणि बसवायचा. पण त्या प्लगपर्यंत हात पोचवायचा तर आधी पाय ठेवायची फळी सोडवा, मग पत्र्याच्या चारी कडांचे बारीक बारीक स्क्रू काढा, त्यातले दोन तर अशा जागी की पेचकस तिरपा धरल्याशिवाय जाऊच नये. अण्णांचे हात रोग्याच्या अंगावर इतके हलके चालायचे की पोरं इंजेक्शन घेताना हसायची. तेच हात स्क्रूवर आले की त्यांना काय व्हायचं कुणास ठाऊक. स्क्रू निसटायचे, घरंगळायचे, मातीत जायचे. मग अण्णा दवाखान्यातला पांढरा ट्रे आणून त्यात स्क्रू ठेवायला लागले, आणि एकदा त्या ट्रेला त्यांचाच पाय लागला. त्या दिवशी आम्ही सगळे, आत्यासुद्धा, अंगणात ओणवे होऊन स्क्रू वेचत होतो.

शेवटी ते काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा हायस्कुलात होते. माझी बोटं बारीक, आणि मला ते आवडायचं. गणितात मला फारशी गती नव्हती, पण एखादी वस्तू कशात कशी बसली आहे हे माझ्या चटकन ध्यानात यायचं. अण्णांनी मला पान्हे धरायला शिकवलं, आणि पुढं सकाळी तलावाकाठच्या मोकळ्या जागेत गाडी चालवायलाही शिकवलं. आई ओठ मिटून बघायची. शेजारच्या विणकरांच्या बायका माग सोडून दारात यायच्या. अण्णा मागून ओरडायचे, "इंदू, वळताना साईडकार विसरू नकोस!" आणि मी वळताना साईडकार विसरायचेच.

पण मी शाळेत गेल्यावर फटफटी बंद पडली तर? आणि गाव सोडून दूर माळावर पडली तर? खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनीच त्या पत्र्यांची धास्ती घेतली होती. उघडायचा कंटाळा म्हणून कुणी आत डोकावायचं नाही, आणि कुणी डोकावायचं नाही म्हणून आत काय साचतंय ते कळायचं नाही. आता माझ्या घरात जी यंत्रं आहेत त्यांना सगळ्यांना झाकणं आहेत, आणि ती कशी उघडतात हे मी आधी बघते. सून हसते. तिला वाटतं म्हातारीला खोड आहे.

मंद्रूपच्या अलीकडं, सीना नदीच्या काठाला एक धनगरांची वस्ती होती. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथून बोलावणं आलं. पहिलटकरीण अडली होती. अण्णा आणि आत्या सकाळीच निघाले. आईनं फडक्यात धपाटे बांधून दिले होते. दुपार उलटली तरी ते आले नाहीत. उन्हं कलल्यावर फटफटीचा आवाज आला, पण अण्णा एकटेच. साईडकार रिकामी. ते पायरीवर बसले. हात कोपरापर्यंत काळे आणि पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचे पंजे. आईनं पाणी पुढं केलं तर घेईनात. आत्या आली ती दिवेलागणीला, बैलगाडीतून. आल्या आल्या न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ अंगावर पाणी घेत राहिली. मग बाहेर येऊन, केस पुसत, माझ्याकडं बघून, पण अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाटेत बंद पडली. पत्रा निघेना. दोन स्क्रू गंजून बसलेले. मी उन्हात उभी, आणि बाळू गुडघ्यांवर बसून पेचकस फिरवतोय. पोचलो तेव्हा मूल गेलेलं होतं. बाई वाचली."

अण्णा हळूच म्हणाले, "अक्का, ते मूल..."

"वेळेवर पोचलो असतो तर वाचलंच असतं, असं मी म्हणत नाही बाळू," आत्या म्हणाली. "पण वाचलं नसतं, असंही मला म्हणता येत नाही. ह्यापुढं मी त्या पत्र्यात बसणार नाही. बैलगाडी हळू जाते, पण जाते."

आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढचे काही आठवडे ती टांग्यानं किंवा बैलगाडीनं जायला लागली. अण्णांनी फटफटीवर जुनी चादर टाकली. रविवार आला आणि गेला, त्यांनी पत्र्यांना खोबरेल लावलं नाही. विकून टाकतो म्हणाले. जेवताना दोघं भाऊबहीण समोरासमोर बसायची, एकमेकांना भाकरी वाढायची, पण बोलायची नाहीत. त्या घरात इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

ती शांतता आईनं मोडली. एका दुपारी अण्णा पानावर बसून म्हणाले, "काय करणार, कारखान्यानं केलंच तसं आहे." आई ताकाचं भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, माझ्या पिठाच्या डब्याला असं बारा ठिकाणी मळसूत्र फिरवायचं झाकण असतं, तर तुम्ही दोन वेळा जेवला असता का? मी ते झाकण केव्हाच चुलीत घातलं असतं! साकु!" आणि भांडं आपटून निघून गेली. अण्णा घास हातात धरून बसले. मी मात्र तशीच उठले, हात धुतले, आणि अंगणात जाऊन चादर काढली. बघता बघता माझ्या ध्यानात आलं की तो पत्रा काहीही उचलून धरत नव्हता. त्याच्यावर कसलाही भार नव्हता. तो नुसतं झाकण होता. मग झाकणाला एवढे स्क्रू कशाला?

चाटी गल्लीच्या मागे महबूबचाचांचं दुकान होतं. ते लोखंडी ट्रंका बनवायचे. सोलापुरातल्या निम्म्या मुली लग्न होऊन त्यांच्या ट्रंका घेऊन सासरी गेल्या असतील. दुकानात पत्रा ठोकायचा आवाज इतका असायचा की बोलायचं ते ओरडून. मी अण्णांना घेऊन गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "इत्ती सी बात? खाली दो बिजागरी, उप्पर एक कडी. पेटी के सरीका खुलेगा. डाक्टरसाब, फिकर नक्को."

आम्हां तिघांनाही ते पटलं. पत्र्याचे स्क्रू गेले, खाली ट्रंकेच्या बिजागऱ्या लागल्या, वर कडीकोयंडा लागला. पाय ठेवायची फळीही चाचांनी थोडी पुढं सरकवून दिली. अंगणात कडी काढली की पत्रा झोकात खाली यायचा. अण्णांनी तो इतक्या वेळा उघडला आणि मिटला की आई आतून ओरडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि मी, मी साईडकारमध्ये, तलावाच्या रस्त्यानं निघालो. पत्रा बडबडत होता. जसा वेग वाढला तशी बडबड वाढली, आणि समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी येत असताना कडी निसटली. पत्रा धाडकन खाली पडून रस्त्यावर घासायला लागला. असा आवाज मी आयुष्यात परत ऐकला नाही. बैलांनी शेपट्या वर केल्या, गाडी वळवली आणि सरळ तलावाची वाट धरली. गाडीवान वरून ओरडतोय, "आरं कुटं निगालास! हो, हो!" अण्णा फटफटी तशीच टाकून मागे धावताहेत, आणि त्यांच्या मागे मी. बैल पोटापर्यंत पाण्यात जाऊन थांबले आणि शांतपणे पाणी प्यायला लागले. कडब्याच्या पेंढ्या तलावावर तरंगत होत्या.

गाडीवान चाकावर पाय देऊन उतरला आणि म्हणाला, "डाक्टर, माणसाला बरं करता न्हवं तुमी? मग ह्येला काय झालंय ते बी बगा की! लई वंगाळ वरडतंय."

अण्णांनी धोतर खोचलं आणि पाण्यात उतरून पेंढ्या गोळा करायला लागले. मीही उतरले. घरी गेल्यावर आईनं आमच्या भिजलेल्या कपड्यांकडं पाहिलं आणि कोरडे कपडे पुढं केले. आत्या दारात उभी होती. तिच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा मला वाटला, पण ती लगेच आत गेली.

चाचा मनातून दुखावले. "मेरी पेटी की कडी आज तक ऐसी नै खुली, बेटी," ते म्हणाले. मी विचारलं, "चाचा, तुमची पेटी कधी दिवसभर थरथरते का?" त्यांनी हातोडी खाली ठेवली. थोडा वेळ फटफटीकडं बघत राहिले आणि एकदम हसले. "हौ, बराबर. पेटी बैठती. ये नाचती."

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. शाळा सुटली की मी थेट दुकानात. बिजागरी पहिल्यांदा गेली, कारण उघडा पत्रा खाली लोंबकळून प्लगच्या आड यायचाच आणि वाकताना पोटरीला लागायचा. तो उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे, हे आम्ही ठरवलं. चाचांनी पत्र्याच्या खालच्या कडेला दोन जिभा काढल्या आणि गाडीच्या सांगाड्याला तेवढ्याच दोन खाचा बसवल्या. जिभा खाचांत सोडायच्या आणि पत्रा वर ढकलायचा, एवढंच. पण आवाजाचं काय? लोखंडावर लोखंड आलं की ते बडबडणारच. चाचांच्या दुकानात कोपऱ्यात गिरणीच्या जुन्या पट्ट्यांचं चामडं पडलेलं असायचं. ट्रंकांच्या मुठींसाठी ते आणायचे. मी त्याची पट्टी कापून पत्रा जिथं जिथं टेकतो तिथं लावली. वर कडीच्या जागी चाचांनी मोठ्या ट्रंकेची दांडीची कडी बसवली. ती आकड्यात अडकवून दांडी खाली दाबली की टक्क करून बसायची, आणि पत्रा चामड्यावर आवळला जायचा. हादऱ्यांनी ती सुटायची नाही. तिला हातानंच सोडवावं लागे. तलावाच्या रस्त्यावर परत एकदा गाडी नेली, या वेळी समोर कुणी नाही हे बघून. पत्रा बोलला नाही.

आम्हांला वाटलं, झालं. पण एका दुपारी अण्णा फटफटीवरून फिरून आले, तेव्हा आत्या अंगणात वाळवण उलटत होती. फटफटीजवळ कुणी नाही असं बघून, म्हणजे मी खिडकीत आहे हे न बघता, ती आली, कडी सोडवली आणि पत्र्याला हात लावला. पत्रा तापलेला. तिनं चटकन बोटं तोंडात घातली. मी बाहेर आले तशी माझ्यावरच बरसली. "झाकण केलंत, आणि धरायचं कशानं? चुलीवरचं पातेलं तरी आम्ही चिमट्यानं उचलतो. आणि ही दांडी एवढी बारीक कशाला गं? माझे हात कधी कोरडे असतात का? साबणाच्या हातानं ही निसटणार नाही?"

मी म्हटलं, "पण आत्या, तू तर बसणार नाहीस ना?"

"मी बसायचं बोलतेय का? मी दांडीचं बोलतेय," आत्या म्हणाली आणि वाळवणाकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पत्र्याला चामड्याची मूठ लागली आणि कडीची दांडी रुंद झाली. आत्यानं ते पाहिलं, पण बसली नाही. हे सगळं प्लगच्या बाजूच्या पत्र्याचं झालं होतं. दुसऱ्या अंगाचा पत्रा अजून स्क्रूंचाच होता. चाचा रोज विचारायचे, कधी आणता? अण्णा टाळायचे. मला म्हणायचे, "अक्का बसणार नसेल तर कुणासाठी करायचं गं?" त्यांच्या लेखी ती फटफटी आत्याच्या बाजूनं अजून बंदच होती.

पाऊस संपता संपता एकदा किक उलटी बसली, अण्णा हातावर पडले आणि त्यांचं मनगट दुखावलं. आत्यानंच ते बांधलं, न बोलता, पण फार हळुवार हातानं. अण्णा दवाखान्यात हात गळ्यात अडकवून बसले होते, तेवढ्यात दारात एक धनगर आला. सायकलवरून आला होता, घामानं निथळत होता. "डाक्टर हायती का? बाई हायती का? आमच्या धाकट्या सुनंच्या लेकराचं पाय आधी आल्यात. म्हातारी म्हनती, बाईलाच आन." तो त्याच सीनाकाठच्या वस्तीवरचा होता.

टांगा तिथवर जायचा नाही. बैलगाडी म्हणजे संध्याकाळ. आत्या औषधांची पेटी भरत होती. तिचे हात भरभर चालत होते. अण्णा उठून उभे राहिले आणि बांधलेल्या हाताकडं बघून परत बसले. मग मी म्हणाले, "मी नेते."

आई दारात आली. मला वाटलं, आता कानडीत काहीतरी ऐकावं लागणार. पण ती आत्याकडं वळून म्हणाली, "वन्सं, जा. तिला येते चालवायला. मी बघितलंय." आत्यानं पेटी बंद केली. बाहेर आली, पदर खोचला, आणि साईडकारमध्ये बसली. एवढंच म्हणाली, "वळताना मला विसरू नकोस."

शहर संपेपर्यंत लोक थांबून बघत होते. मग काळी रानं लागली, जोंधळा नुकता वर आलेला. रस्ता मुरमाचा. धनगर सायकल घेऊन कधीच मागे पडला होता. नदीच्या अलीकडच्या उतारावर फटफटी खोकली, एकदा, दोनदा, आणि गप्प झाली. बाभळीत होले घुमत होते, ते एकदम ऐकू यायला लागले. मला तो उन्हाळ्यातला दिवस आठवला, अण्णांचे काळे हात आठवले. मी हँडल धरून तशीच बसले होते. आणि माझ्या शेजारी टक्क असा आवाज आला. आत्या कधी उतरली मला कळलंच नाही. तिनं कडी सोडवली, मूठ धरली, पत्रा उचलला आणि आपल्या बसायच्या जागेवर ठेवून दिला. "हं, बघत काय बसलीस? काढ तुझा तो प्लग," ती म्हणाली. दुसरा पुसलेला प्लग चिंधीत गुंडाळून ठेवलेला होता. मी तापलेला काढला, तो लावला. आत्यानं जिभा खाचांत सोडल्या, पत्रा ढकलला, दांडी दाबली. एक भाकरी भाजून व्हावी एवढ्या वेळात आम्ही परत रस्त्यावर होतो. तिनं तोंड पुढं ठेवलं होतं. नदी ओलांडली आणि वस्ती दिसली.

वस्तीवर आत्या थेट झोपडीत गेली. मला बाहेर चूल पेटवून पाणी तापवायला सांगितलं. तिथं एक तरुण बाई आधीच लाकडं सारत होती. माझ्याहून फार मोठी नसेल. आम्ही दोघींनी मिळून हंडा चढवला. आतून मध्येच किंकाळी यायची, मध्येच आत्याचा तो घट्ट, न चढणारा आवाज, "कळ येऊ दे. आता नाही. आता. जोर लाव, बाळा." मेंढरं कोंडवाड्यात धडका देत होती. पोरं फटफटीभोवती गोळा झाली होती. पाणी उकळायची वाट बघता बघता ती बाई उठली, फटफटीजवळ गेली, पोरांना बाजूला सारलं आणि पत्र्याकडं बघत उभी राहिली.

"बाई," तिनं मला हाक मारली, "ह्यो तवा उगडत न्हवता न्हवं?"

मग मला कळलं ती कोण होती. मी म्हटलं, "नव्हता."

"आन आता?"

मी जाऊन दांडी वर केली. टक्क झालं. पत्रा काढून तिला दाखवला. तिनं हात पुढं केला, तसा मी तो तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा करून पाहिला, चामड्यावरून बोट फिरवलं. मग माझं बघून तिनं स्वतः जिभा खाचांत बसवल्या, दांडी दाबली. पहिल्यांदा बसली नाही, दुसऱ्यांदा बसली. "चांगलं केलंसा," ती म्हणाली, आणि चुलीकडं जाऊन हंडा उतरवायला लागली. तिचं तोंड मला दिसलं नाही.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मूल रडलं तेव्हा म्हातारी दारातच मटकन बसली. आत्या बाहेर आली, कोपरापर्यंत हात ओले, केस कपाळावर चिकटलेले. म्हणाली, "दोघंही नीट आहेत. मुलगी आहे, आणि फार रागीट आहे." तरुण बाई आत धावली. म्हातारीनं आम्हांला शेळीचं दूध आणि भाकरी दिली, ठेचा दिला, आणि आत्याच्या पायांवर डोकं ठेवायला लागली तेव्हा आत्यानं तिला उठवून मिठीच मारली. आत्यानं कुणाला मिठी मारलेली मी तोवर पाहिली नव्हती.

परत येताना मी तिला चुलीपाशी झालेलं बोलणं सांगितलं. रस्ता सरळ होता, गाडी चांगली चालली होती, तरी मी एकदा तिच्याकडं पाहिलं तर ती पदरानं डोळे पुसत होती. धूळ गेली, म्हणाली.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा माग चालू होते. अण्णा पायरीवर बसले होते, सकाळपासून तिथंच असावेत. त्यांच्या मागे आई उभी होती. आम्हांला बघून अण्णा उठले, पण काही विचारायचा त्यांना धीर होईना. आत्या साईडकारमधून उतरली, पदर सोडला, पेटी आईच्या हातात दिली आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांनी तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"बाळू," ती म्हणाली, "मूल आणि आई दोघं ठीक आहेत. वाटेत बंद पडली होती. मी काढला पत्रा." मग फटफटीकडं हात केला. "त्या दुसऱ्या अंगाचाही करून घे."

अण्णांनी मान हलवली. आणि मग, हात गळ्यात बांधलेला, पायांत घरातल्या वहाणा, तसेच ते पायऱ्या उतरून रस्त्याला लागले, चाटी गल्लीकडं, चाचांच्या दुकानाच्या दिशेनं.

"अहो, आत्ता कुठं? जेवून तरी जा!" आई मागून ओरडली. अण्णांना ते ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल. पण ते जवळजवळ पळतच होते.